हौदातील माकडीण आणि आपण

अकबर-बिरबलाच्या नावावर खपणाऱ्या गोष्टींमध्ये हौदातील माकडिणीची गोष्ट न ऐकलेला मराठी माणूस विरळा. जगात प्रत्येकाला सर्वाधिक प्रिय काय, असा प्रश्न दरबारात निघतो. आईला आपले मूल प्राणांहून प्रिय असते, असे कुणी तरी म्हणतो. बिरबल एका कोरड्या हौदात माकडीण आणि तिचे पिल्लू सोडावयास लावतो आणि हौदात पाणी भरू लागतो. पाणी चढेल तशी माकडीण पिल्लाला छातीशी, मग खांद्यावर, मग डोक्यावर घेते. आणि नाकातोंडात पाणी शिरू लागताच त्याच पिल्लाला पायाखाली दाबून त्यावर उभी राहते. सिद्ध काय झाले? ज्याला त्याला आपलाच जीव प्रिय.

शिक्षक या नात्याने ही गोष्ट मी तीस वर्षे वर्गात सांगितली. परिणाम हमखास होत असे. एकाही विद्यार्थ्याने कधी विचारले नाही आणि मलाही कधी वाटले नाही, की हे खरोखर कुणी पाहिले आहे काय?

निवृत्तीनंतर एकदा ऐन वैशाखात रामटेकच्या गडावर जाणे झाले. गडावर वानरे मुबलक आहेत. पायऱ्यांच्या कठड्यावर एक वानरी बसली होती आणि तिच्या हातात काही तरी काळपट, चिंध्यांसारखे लोंबत होते. जवळ गेल्यावर कळले, ते मेलेले पिल्लू होते. उन्हाने पार सुकून गेलेले. ती अधूनमधून त्याच्या अंगावरचे केस विंचरल्यासारखे करी, माश्या उडवी, टोळी पुढे सरकली की एका हाताने ते छातीशी धरून तीन पायांवर लंगडत मागे जाई. फुले-नारळ विकणारी बाई म्हणाली, ‘‘तीन दिवस झाले, सोडत नाही.’’ त्या दिवसापासून हौदाची गोष्ट माझ्या तोंडून पुन्हा निघालेली नाही.

हे काही एखाद्या वानरीचे वेगळेपण नव्हे. मेलेले पिल्लू दिवसेंदिवस वागवणाऱ्या माता वानरांत आणि माकडांत अभ्यासकांनी वारंवार नोंदल्या आहेत. तिला मृत्यू कळतो की नाही, याविषयी ते सावधपणे बोलतात आणि ते योग्यच आहे. परंतु जी माता मेलेले मूल खाली ठेवत नाही, ती जिवंत मुलावर पाय देऊन उभी राहील ही कल्पना माणसाची आहे. स्वतःच्या स्वार्थाला निसर्गाचा दाखला हवा होता. तो आपण माकडिणीच्या नावावर चढवला.

आपल्या भाषेने या प्राण्याला फारसे काही चांगले दिलेले नाही. माकडचेष्टा, मर्कटलीला, माकडाच्या हाती कोलीत. पोराने दंगा केला की ‘माकडा’ ही हाक ठरलेली. आणि तीच जीभ शनिवारी मारुतीपुढे स्तोत्र म्हणते. समर्थांनी अकरा मारुती स्थापिले, गावोगाव वेशीवर मारुती उभा राहिला, तालमीतील पोरांनी त्याला साक्ष ठेवून जोर-बैठका काढल्या. या उपासनेने महाराष्ट्राला काय दिले, हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. तथापि देवळाबाहेरच्या वडावर बसलेल्या त्याच्या गोतावळ्याविषयी आपले ज्ञान जवळजवळ शून्य आहे. निदान वानर आणि माकड हे दोन वेगळे प्राणी आहेत, एवढे तरी ठाऊक असावे. काळ्या तोंडाचा, राखी अंगाचा, लांब शेपटीचा तो वानर. ‘लंगूर’ हा शब्दच ‘लांगूल’ म्हणजे शेपटी यावरून आला आहे. लालसर तोंडाचा, भुऱ्या अंगाचा, डोक्यावर केसांची टोपी असलेला तो माकड. कोकणात काही भागांत त्याला केलडा म्हणतात. वानराचे पोट गुरांच्या पोटासारखे कप्प्याकप्प्यांचे असते आणि त्यात झाडपाला आंबवून पचवला जातो. माकडाला ही सोय नाही. त्याच्या गालांत पिशव्या आहेत. मिळेल ते त्यांत कोंबायचे आणि निवांत जागी बसून खायचे, ही त्याची रीत. एकाचा पिंड पाला खाणाऱ्या रवंथी जनावराचा, दुसऱ्याचा मिळेल ते टिपणाऱ्या फिरस्त्याचा. दोघांनाही आपण बिस्किटे टाकतो.

अज्ञानाची परिणती काय होते, याचे एक उदाहरण बीड जिल्ह्यातलेच आहे. माजलगाव तालुक्यातील लऊळ या गावाचे नाव डिसेंबर २०२१ मध्ये जगभर गेले. वानरे कुत्र्यांची पिल्ले पळवून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत, तेथून ती पडून मरत, हा मूळ प्रकार. त्यातून बातमी अशी तयार झाली की, कुत्र्यांनी वानराचे एक पिल्लू मारले म्हणून वानरांनी सूड उगवण्याची मोहीम काढली आहे आणि अडीचशे पिल्ले ठार केली आहेत. वाहिन्यांवर ‘टोळीयुद्ध’ हा शब्द आला. मोबाईलवर विनोदांचा पूर लोटला. अखेर वनखात्याने दोन वानरे पकडून नेली. पुढे गावात जाऊन चौकशी करणाऱ्यांना अडीचशेचा आकडा फुगवलेला आढळला. परंतु खुलाशाला कधी बातमीइतके पाय नसतात.

वानरांच्या टोळीत पिल्लू जन्मले की काही तासांतच इतर माद्या त्याला हाताळू लागतात. ते या हातातून त्या हातात जाते. तरण्या, अजून आई न झालेल्या माद्या तर त्यासाठी अक्षरशः झटापट करतात. प्राण्याचे तान्हे दिसले की उचलून छातीशी धरावे, ही ओढ त्या कुळात इतकी खोल आहे. वानराचे पिल्लू चारही हातापायांनी आईच्या पोटाला घट्ट बिलगते. कुत्र्याच्या पिल्लाला ती पकड निसर्गाने दिलेली नाही. उंचावर नेले की ते निसटणार किंवा दुधावाचून उपाशी मरणार. लऊळच्या त्या वानरांच्या मनात काय होते, हे कोण सांगणार? पण सूड, कट आणि टोळीयुद्ध यांपेक्षा हा उलगडा मला अधिक पटतो. आपण मात्र त्यांच्यात आपलाच स्वभाव पाहिला आणि त्यांना आरोपी केले.

याचा अर्थ वानरकुळ हे सत्ययुगातील आश्रम आहे असा कुणी घेऊ नये. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षावरील त्या छोट्या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माणसाला मध्ये न आणता केवळ वानरांवर अशी कलाकृती लिहावी, हे धैर्य मराठीतच दिसले याचा अभिमान वाटावयास हवा. आज किती घरांत ती वाचली जाते, हा प्रश्न वेगळा.

वानरांच्या टोळीत बहुधा एकच प्रौढ नर असतो. माद्या जन्मल्या टोळीतच राहतात. आजी, आई, मावशी, मुलगी असा तो गोतावळा असतो. नर वयात आले की बाहेर पडतात आणि बिनमाद्यांच्या टोळक्यांतून हिंडतात. त्यांतील एखादा बळावतो, टोळीच्या नराला हुसकून लावतो आणि पुष्कळदा अंगावर पिणाऱ्या पिल्लांना ठार करतो. १९६० च्या दशकात धारवाडजवळ जपानी अभ्यासक सुगियामा यांनी हा प्रकार नोंदला, पुढे जोधपूरला मोहनोत यांनी, आणि अबूच्या पहाडावर १९७१ पासून सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने त्याचा पाठपुरावा केला. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती होते, असा त्यांचा निष्कर्ष. त्याला घाई असते, कारण त्याची सत्ता बहुधा दोन-अडीच वर्षांचीच असते. मग त्यालाही कुणी तरी हुसकणारच.

क्रूर आहे खरे. पण याच अबूच्या नोंदींत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला अधिक मोलाची वाटते. नवा नर पिल्लावर झेप घेई तेव्हा त्याला आडव्या कोण जात? अनेकदा आईच्या आधी टोळीतील म्हाताऱ्या माद्या. ज्यांचे विण्याचे वय संपले आहे, टोळीत ज्यांना एरवी फारसे कुणी मोजत नाही, अशा जराजर्जर वानरी आपल्या दीडपट वजनाच्या, मोठ्या सुळ्यांच्या नरावर तुटून पडत आणि त्याच्या तोंडातून जखमी पिल्लू सोडवून आणत. बिरबलाच्या हौदाकाठी हे पाहणारा कुणी नव्हता.

आता लाल तोंडाच्या माकडाकडे वळू. कारण सहलीला गेलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची गाठ बहुधा त्याच्याशी पडते. घाटात गाडी थांबते, मुले काचेतून वेफर्स दाखवतात, माकड दात विचकते आणि आई कौतुकाने म्हणते, ‘‘बघ, हसतंय!’’ ते हसत नसते. ओठ मागे ओढून मिटलेले दात दाखवणे ही माकडाची भीतीची, शरणागतीची खूण आहे. तोंड उघडे ठेवून रोखून पाहणे ही धमकी. माणूस प्रेमाने त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहतो, ते त्याच्या लेखी आव्हान ठरते. मग ते अंगावर येते आणि आपण म्हणतो, खायला घातले तरी उलटले; माकडाची जात! त्याची भाषा येत नसताना आपण संभाषणास सुरुवात केली होती, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

खाऊ घालणे हा आपला पुण्याचा सर्वांत सोपा मार्ग. मारुतीच्या नावाने केळी, शेंगदाणे, फुटाणे, आता तर पाव आणि गोड बिस्किटेही. देणाऱ्याची भावना खोटी असते असे मी म्हणणार नाही. अनेकांच्या डोळ्यांत खरा भाव मी पाहिला आहे. परंतु फळाल रान सोडून टोळी रस्त्याच्या कडेला बसू लागते ती या अन्नासाठी. तेथे गाड्यांखाली पिल्ले चिरडतात. आयते, पोटभर अन्न मिळाले की माद्या अधिक विणतात. रानाला पेलेल त्याहून टोळी मोठी होते. ज्या दिवशी पर्यटक येत नाहीत त्या दिवशी ती खालच्या वाडीत शिरते. वृंदावनात तर माकडे यात्रेकरूंचे चष्मे पळवतात आणि खाऊ दिल्यावर परत करतात. त्यांना लबाड म्हणण्याआधी हा व्यवहार त्यांना कुणी शिकवला, हे पाहावे. पुण्याचे धनी आपण, शिव्यांचे धनी माकड आणि नुकसानीचा धनी शेतकरी, अशी ही विलक्षण वाटणी आहे.

येथे रामायणातील एका प्रसंगाची आठवण करून देतो, कारण कथाकीर्तनातून तो फारसा सांगितला जात नाही. युद्धकांडाच्या अखेरीस रावणवधानंतर इंद्र प्रभू रामचंद्रांस वर मागावयास सांगतो. राम स्वतःसाठी काहीही मागत नाहीत. आपल्यासाठी रणात पडलेले वानर पुन्हा उठावेत, हे पहिले मागणे. आणि दुसरे असे की, हे वानर जेथे जेथे राहतील तेथे अवेळीसुद्धा फुले, फळे आणि कंदमुळे असावीत आणि नद्या निर्मळ वाहाव्यात. वाल्मीकींनी तेथे गोलांगूल आणि ऋक्ष यांचाही उल्लेख केला आहे. गोलांगूल म्हणजे गाईसारख्या शेपटीचा. रामायणातील वानर म्हणजे वनवासी नर, असे मत काही विद्वान मांडतात. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. प्रश्न मागण्याचा आहे. रामाने वानरांसाठी झाडे मागितली आणि नदी मागितली. ओंजळभर फुटाणे मागितले नाहीत.

एवढे लिहून झाल्यावर माझ्या डोळ्यांसमोर राजापूर तालुक्यातला माझा मावसभाऊ उभा राहतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो असता मी असेच काही बोलू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘दादा, तू लेख लिही, पण त्याआधी चार दिवस इथं राखणीला बस.’’ मी दोन दिवस बसलो. सकाळी सातच्या सुमारास वानरांची टोळी आली ती माडावर. कोवळी शहाळी तोडायची, एक घोट घ्यायचा आणि टाकून द्यायचे. दुपारी केळीच्या बनात लाल माकडे. फटाका वाजवला की दहा मिनिटे शांतता. त्याने भाजीपाला लावणे केव्हाच सोडले आहे. वरकस जमिनीत नाचणी, वरी, कुळीथ होत असे, तेही गेले. आंब्याचा मोहर, काजूची बोंडे, फणसाच्या कुयऱ्या, काहीच सुटत नाही. त्याचा राग खोटा नाही. पुण्या-मुंबईत बसून त्याला भूतदयेचे पाठ देणे हा शुद्ध उद्धटपणा ठरेल. मी देणार नाही.

पण राखणीच्या त्या दोन दिवसांत त्यानेच सांगितलेल्या गोष्टी जोडून पाहिल्या तर वेगळे चित्र दिसते. त्याच्या लहानपणी वाडीत चाळीस माणसे होती, पोरे गलोल घेऊन दिवसभर रानात असत, प्रत्येक घरी कुत्रा होता. आज वाडीत सात म्हातारी माणसे आणि बाकी कुलपे. शेते ओस, गडगे ढासळलेले, ओसाड जमिनीत झुडपे माजलेली. वरच्या डोंगरावर पूर्वी उंबर, जांभूळ, करवंद, रानआंबा यांचे मिश्र रान होते, तेथे आता एका जातीची लागवड आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला गेलात तर डोंगरच्या डोंगर रबराखाली गेलेले दिसतात. रबराच्या झाडाखाली वानराने काय खायचे? माणूस मुंबईला गेला, रान तोडले गेले आणि मधल्या मोकळ्या जागेत वानर आला. तो आपल्यावर चालून आलेला नाही, तो उरलेल्या जागेत सरकला आहे.

त्याच दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप आला. क्यासनूर नावाच्या, शिमोगा जिल्ह्यातील जंगलात १९५७ मध्ये हा रोग प्रथम उघडकीस आला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधला. काजूच्या बागेत, रानात काम करणारी गरीब माणसे त्याला बळी पडतात. नावामुळे सारा दोष माकडाच्या माथी येतो. वास्तविक हा विषाणू गोचिडीतून पसरतो. ती चावली की माकडे आणि वानरे माणसाच्या आधी आणि माणसाहून अधिक प्रमाणात मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी खाली उतरतात आणि मग पाळी माणसाची येते. म्हणजे रानात माकड मरून पडलेले दिसले तर ती पहिली सूचना असते. ताबडतोब आरोग्य खात्याला कळवावे, प्रेताजवळ जाऊ नये. स्वतः मरून गावाला जागे करणाऱ्या प्राण्याचे नाव आपण रोगाला दिले.

आणि माणसाच्या रोगांचा विषय निघालाच आहे, तर एका ऋणाचीही नोंद व्हावी. आपल्या रक्तगटाच्या चिठ्ठीवर ‘आर-एच’ ही अक्षरे असतात. ती उत्तर भारतातील ‘ऱ्हीसस’ या लाल माकडाच्या नावाची आद्याक्षरे आहेत. १९४० मध्ये त्याच्या रक्तावरील प्रयोगांतून हा शोध लागला. पोलिओची पहिली लस त्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवण्यात आली. त्यासाठी १९५० च्या दशकात आपल्या देशातून एकेका वर्षात एक लाखाहून अधिक माकडे पिंजऱ्यांत भरून परदेशी पाठवली गेली. वाटेत गुदमरून किती मेली त्याला गणती नाही. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर एका बंद गाडीत शेकडो माकडे एकाच वेळी गुदमरून मेली, तेव्हा कोठे थोडी ओरड झाली. पुढे वैद्यकाच्या नावाने नेलेली माकडे अमेरिकेत अण्वस्त्रांच्या किरणोत्साराच्या प्रयोगांसाठी वापरली जात असल्याचे उघड झाले आणि १९७८ मध्ये मोरारजीभाईंच्या सरकारने ही निर्यात सरसकट बंद केली. परकीय चलनाचा मोह सोडून घेतलेला तो निर्णय होता. जनता राजवटीच्या भांडणांचा इतिहास सारे सांगतात, या निर्णयाचे कुणी नाव काढत नाही.

मग करावे काय? गोळ्या घाला, असे एक उत्तर आहे. हिमाचल प्रदेशात २०१६ मध्ये केंद्राने शिमला शहर व काही तालुक्यांपुरते माकडाला ‘उपद्रवी’ घोषित करून मारण्याची मुभा दिली. नुकसान सोसणारे शेतकरीसुद्धा बंदूक उचलण्यास फारसे पुढे आले नाहीत. ज्याला हे अंधश्रद्धा वाटेल त्याला वाटो. मला त्यात या देशाच्या मनाची ओळख दिसते. दुसरे उत्तर, पकडून लांब सोडा. दिल्लीत न्यायालयाच्या आदेशाने २००७ पासून हजारो माकडे असोला-भाटीच्या अभयारण्यात नेली, तरी २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी पाहुण्यांच्या मार्गावर त्यांना बुजवण्यासाठी वानरांची चित्रे उभारावी लागली. पकडताना टोळ्या फुटतात, आई एकीकडे आणि पिल्लू दुसरीकडे जाते, आणि सोडलेली माकडे नव्या गावाच्या गळ्यात पडतात. आपला त्रास दुसऱ्याच्या शिवारात नेऊन टाकणे याला उपाय म्हणता येणार नाही.

नसबंदीचा मार्ग हिमाचलने २००७ पासून धरला आणि दीड लाखाहून अधिक माकडांवर शस्त्रक्रिया केल्या. तो खर्चिक आहे, संथ आहे, फळ दिसावयास वर्षे लागतात. तरी कोकणात त्याचा गांभीर्याने विचार व्हावा, आणि तोही तज्ज्ञांच्या हातून. पकडण्याचा ठेका देऊन नव्हे. पण त्याहून आधीची गोष्ट म्हणजे शेतकऱ्याची भरपाई. वानराला मारू नका असे समाज म्हणतो, तेव्हा त्याची किंमत एकट्या माडबागायतदाराने का मोजावी? वानराची भक्ती साऱ्या महाराष्ट्राने करायची आणि त्याचा शिधा राजापूरच्या एका वाडीने पुरवायचा, हा न्याय नव्हे. पंचनामा वेळेवर आणि भरपाई त्या हंगामातच, यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या कार्यालयात धरणे धरले तर ती वानरसेवाच होईल. घाटांतून, देवस्थानांच्या पायऱ्यांवरून खाऊ वाटप बंद करण्याचे कामही वनखात्याच्या पाटीने होणारे नाही. ते देवस्थानच्या विश्वस्तांनी आणि हनुमान जयंतीचा मांडव घालणाऱ्या मंडळांनीच अंगावर घ्यावयास हवे. प्रसादाच्या खर्चातील एक हिस्सा काढून उंबराची आणि जांभळाची रोपे लावणारे एखादे मंडळ कुणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवावे.

माझ्या मावसभावाला मी हे सारे सांगितले तेव्हा भरपाईच्या मुद्द्यावर तो हसला आणि उंबराच्या मुद्द्यावर गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘वरच्या पऱ्ह्याकडे आमच्या आज्यानं राखलेले तीन उंबर होते. बाबांनी तोडले.’’

धाराशिव जिल्ह्यात उपळा नावाचे गाव आहे. २०२२ मध्ये त्या गावाची एक नोंद वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. ग्रामपंचायतीतील जमिनीच्या नोंदींत बत्तीस एकर जमीन तेथील वानरांच्या नावे आहे. कुणी केली, केव्हा केली, हे गावात कुणालाही सांगता येत नाही. पूर्वी गावात लग्न असले की आधी वानरांचा मान काढून ठेवला जाई आणि मग विधी सुरू होत. आज ती रीत सगळे पाळत नाहीत. पण वानर दारात आला तर त्याला कुणी हाकलत नाही. मराठवाड्यात एकेका बांधावरून भाऊ भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घालतो, हे आपण रोज वाचतो. या बत्तीस एकरांवर मात्र कुणी हक्क सांगावयास आलेले नाही. वनखात्याने त्या जमिनीवर झाडे लावली आहेत.